भामटा हा शब्द मी नोट्समधून काढला, पेपरवाले कधी काढणार?

मी सोलापुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवते. टेन्स, व्हॉइस, प्रिपोझिशन सगळं झालं की शेवटी ईडियम्स अँड फ्रेजेस येतात, मुलं ते पाठ करतात, इकडं इंग्रजी तिकडं मराठी अर्थ अशी दोन रकान्यांची वही असते प्रत्येकाकडं. त्यात लबाडी, दगाबाजी, दुटप्पीपणा ह्याच्यावरचे ईडियम्स एकत्र घेतले की लवकर लक्षात राहतात म्हणून मी ते एकाच दिवशी घेत होते. स्नेक इन द ग्रास, वुल्फ इन शीप्स क्लोदिंग, ब्लॅक शीप, क्रोकोडाइल टिअर्स, कुक द बुक्स, आणि मग कॉन मॅन. कॉन मॅन म्हणजे काय तर मी फळ्यावर लिहिलं, भामटा.

एक मुलगा लिहायचा थांबला. हुशार मुलगा, पुढच्या बाकावर बसणारा, आमच्याकडच्या सेटलमेंट ह्या वस्तीतला. मला वाटलं पेन संपला असेल. नंतर महिनाभरानं फॉर्म भरायचे होते, मुलं डॉक्युमेंट घेऊन आली होती, मी त्याचा जातीचा दाखला हातात घेतला आणि त्यावर लिहिलं होतं, राजपूत भामटा, विमुक्त जाती अ. मी दाखला परत दिला, तो पण काही बोलला नाही, मी पण नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही. त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, महाराष्ट्रात विमुक्त जातींची, म्हणजे इंग्रजांनी कायद्यानं जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या आणि नंतर त्यातून सुटलेल्या जातींची, जी सरकारी यादी आहे तिच्यात १४ नावं आहेत, बेरड, कैकाडी, पारधी, रामोशी, वडार, छप्परबंद अशी, त्यातच भामटा आहे आणि राजपूत भामटा पण आहे. म्हणजे ही जिवंत माणसं आहेत, त्यांची पोरं शाळेत जातात, दाखला काढायला तहसीलला रांगेत उभी राहतात, आणि संध्याकाळी घरी पेपर उघडला की त्यात, भामट्याने वृद्धेचे दागिने लंपास केले. दुसऱ्या पानावर सायबर भामटे. तिसऱ्या पानावर लग्नाचं आमिष दाखवणारा भामटा. दुसऱ्या कुठल्या जातीचं नाव असं चोर ह्या अर्थानं हेडिंगमध्ये छापलं असतं तर काय झालं असतं विचार करा, संध्याकाळपर्यंत पेपरच्या ऑफिससमोर मोर्चा गेला असता. ह्यांचा मोर्चा निघत नाही कारण लोक थोडे आहेत आणि विखुरलेले आहेत.

आता कोणी म्हणेल की भामटा हा शब्द आधीपासूनच चोर ह्या अर्थाचा आहे, जातीला नंतर चिकटला. असू दे. आधी काय होतं ह्याच्यावर वाद घालण्यात मला रस नाही, आज तो शब्द सरकारी शिक्क्यानिशी एका पोराच्या फाइलमध्ये आहे आणि तो त्यानं स्वतः निवडलेला नाही.

इंग्रजीत हुबेहूब असाच एक शब्द आहे आणि तो मी वर्षानुवर्षं न अडखळता शिकवला. जिप. आय गॉट जिप्ड, म्हणजे मला फसवलं. हा शब्द जिप्सी वरून आला, जिप्सी म्हणजे युरोपातले भटके रोमा लोक. आणि जिप्सी हे नावच चुकीच्या समजुतीतून पडलं, इंग्रजांना वाटलं ही माणसं इजिप्तहून आली. खरं तर ते आपल्याकडूनच गेलेले आहेत, त्यांच्या भाषेचं नातं आपल्या भाषांशी आहे, दोनला दुय, पाचला पांज, दहाला देश म्हणतात. इंग्लंडमध्ये १५३० साली कायदा झाला की ह्या लोकांनी देश सोडून जावं आणि १५५४ साली तर त्याच्याही पुढं जाऊन देशात राहिले तर मृत्युदंड अशी तरतूद आली. गुन्हा काय तर तसं असणं. नंतर नाझींनी ज्यूंच्या बरोबरीनं ह्यांनाही लाखोंनी मारलं. आणि एवढं सगळं झाल्यावरही आपण सोलापुरात बसून मुलांना सांगतो, जिप म्हणजे फसवणे, पाठ करा.

वेल्श ऑन अ डेट म्हणजे कर्ज बुडवणे, त्यात वेल्सची माणसं. टेक फ्रेंच लीव्ह म्हणजे न सांगता पळून जाणे, आणि फ्रेंच लोक त्यालाच इंग्रजी पद्धतीनं सटकणे म्हणतात. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला दिलेली शिवी म्हणून ह्यातल्या काही गोष्टी सोडून देता येतील, दोघांचीही ताकद सारखी असली की शिवी फार लागत नाही. पण जिप आणि भामटा मध्ये ताकद सारखी नाही, तिथं एका बाजूला कायदा, पोलीस, छापखाना आणि दुसऱ्या बाजूला पाल ठोकून राहणारं कुटुंब.

मी मग सगळेच ईडियम्स परत एकदा नीट बघायला लागले तर मला त्यात दोन जाती दिसल्या. एक जात अशी की माणसानं काय केलं ते सांगते. कुक द बुक्स, हिशेबाच्या वह्या शिजवल्या. थ्रो डस्ट इन समवन्स आइज, डोळ्यात धूळ फेकली, हा तर आपल्याकडं जसाच्या तसा आहे. रेड हँडेड, आपलं रंगेहाथ. स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यात खून करून हाताला रक्त असतानाच सापडलेल्या माणसाला तसं म्हणायचे, म्हणजे पुरावा हातावर पाहिजे, नुसता संशय चालणार नाही. आपल्याकडं लाचेच्या सापळ्यात नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावायची आणि नंतर साहेबाचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी व्हायचं, तिथं तर रंगेहाथ शब्दशः खरं. ह्या ईडियमबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट मला तो आवडतो, कारण साहेब कुठल्या जातीचा हे पाण्याला कळत नाही.

आणि दुसरी जात अशी की माणूस मुळात काय आहे ते सांगते. त्यानं अजून काही केलेलं नसलं तरी. अ लेपर्ड कॅनॉट चेंज इट्स स्पॉट्स, आपल्याकडं जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. हा लेपर्ड बायबलमधला आहे, यिर्मयाच्या पुस्तकातला, १३ वा अध्याय, आणि तिथं वाक्य अर्ध्यावर सुरू होत नाही. त्या ओळीत आधी विचारलंय की कूशी माणसाला, म्हणजे आफ्रिकेतल्या काळ्या माणसाला, आपली कातडी बदलता येईल का, आणि मग बिबट्याचे ठिपके. आपण शिकवतो फक्त बिबट्या. पहिला अर्धा भाग शिकवला असता तर वर्गातल्या कोणत्याही पोरानं विचारलं असतं की मॅडम, कातडीचा आणि वाईट वागण्याचा काय संबंध?

असाच प्रश्न मला ब्लॅक शीपच्या वेळी खरंच आला होता. सांगोल्याकडची एक मुलगी, धनगराच्या घरातली, तिनं सरळ विचारलं की मॅडम काळं मेंढरू वाईट कसं काय, आमच्यात तर काळीच असतात. आणि तिचं बरोबर होतं. इंग्लंडमध्ये पांढऱ्या लोकरीला पाहिजे तो रंग देता यायचा, काळीला देता यायचा नाही, म्हणून कळपात काळं पिल्लू निघालं की भाव कमी, तोटा. एवढंच कारण. पण आपल्या सोलापूर जिल्ह्यात दख्खनी मेंढ्या आहेत, त्या बहुतेक काळ्याच, त्या काळ्या लोकरीचीच घोंगडी होते, रंग द्यावाच लागत नाही, आणि ती घोंगडी पांघरून माणसं पंढरपूरला जातात ते कोणाच्या दर्शनाला, सावळ्या विठ्ठलाच्या. काळं मेंढरू आपल्याकडं नुकसान नाही, रोजची भाकरी आहे. तरी आपण शिकवताना ब्लॅक शीप म्हणजे कुळाला बट्टा असं लिहून घेतो आणि त्या पोरीनं ते गुपचूप वहीत उतरवायचं. मी त्या दिवशी परीक्षेत येतं म्हणून लिही असं म्हणून तिला गप्प केलं होतं, ते चुकलं माझं.

सोलापूरच्या माणसाला तर ह्या गोष्टीचं वेगळं सांगायची गरज नाही पाहिजे, कारण जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचा कारखानाच आपल्या गावात होता. १८७१ साली इंग्रजांनी क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला, १९११ साली तो मुंबई इलाख्यासकट सगळीकडं लागू झाला, आणि मग सोलापुरात तारेचं कुंपण घालून सेटलमेंट उभी राहिली, मुंबई इलाख्यातल्या मोठ्या सेटलमेंटपैकी एक. कुंपणाच्या आत कुटुंबंच्या कुटुंबं. रोज हजेरी. बाहेर जायचं तर पास. गिरण्यांना कामगार लागायचे ते इथून जायचे, काम करून परत तारेच्या आत. म्हातारी माणसं, बाळंतिणी, नुकतं जन्मलेलं पोर, सगळे कायद्यानं गुन्हेगार. देश १९४७ ला स्वतंत्र झाला आणि हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, पाच वर्षं उशिरा. म्हणून ते लोक ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. आज कुंपण नाही, पण सेटलमेंट हे नाव अजून आहे, पत्त्यात आहे, आणि रिक्षावाल्यापासून घरमालकापर्यंत तो पत्ता ऐकल्यावर चेहरे कसे बदलतात ते तिथं राहणाऱ्याला विचारा.

मला एक गोष्ट फार विचित्र वाटते. त्याच इंग्रज सरकारनं त्याच्या ११ वर्षं आधी, १८६० ला, इंडियन पीनल कोड केला होता. त्यात फसवणुकीचं कलम होतं ४२०. आपण तिथून शब्द केला चारसोबीस. चारसोबीस माणूस म्हणलं की कोणाची जात कळत नाही, धर्म कळत नाही, फक्त एवढंच कळतं की ह्यानं फसवलं. १ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहिता आली आणि आता ते कलम ३१८ मध्ये गेलं, पण लोक चारसोबीसच म्हणणार आणि म्हणू देत, चांगला शब्द आहे. म्हणजे एका कायद्यानं आपल्याला कृत्यावरून शिवी दिली आणि दुसऱ्यानं जन्मावरून. आपल्याकडं दोन्ही होत्या. आणि पेपरवाल्यांनी हेडिंगसाठी उचलली ती दुसरी.

कॉन मॅन ह्या शब्दाची गोष्ट पण मी आता मुलांना सांगते. १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाचा एक माणूस होता, चांगले कपडे, गोड बोलणं. रस्त्यात अनोळखी माणसाला ओळख असल्यासारखं भेटायचा, गप्पा मारायचा, आणि मग म्हणायचा, माझ्यावर विश्वास आहे ना, तर तुमचं घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडं द्या. लोक द्यायचे! पकडला गेल्यावर पेपरनं त्याला नाव दिलं कॉन्फिडन्स मॅन, विश्वासवाला माणूस. त्याचंच पुढं कॉन मॅन झालं. बघा त्या नावात काय आहे, पद्धत आहे. फसवणूक कशी होते ते त्या एका शब्दात आहे, विश्वास मागून. आता डिजिटल अरेस्ट म्हणून जे चाललंय, व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा ड्रेस घातलेला माणूस येतो, तुमच्या नावानं पार्सल सापडलंय म्हणतो, फोन कट करू नका म्हणतो, ते हेच आहे, फक्त घड्याळाच्या जागी बँक खातं. अशा बातमीला तुम्ही भामटा असं हेडिंग दिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोण येतो? मळके कपडे, बसस्टँडवर घुटमळणारा कोणीतरी. इस्त्रीचा शर्ट घालून शुद्ध भाषेत बोलणारा येत नाही. म्हणजे शब्द एकाची बदनामी पण करतो आणि दुसऱ्याला सावध पण करत नाही.

आमच्या गल्लीत एकानं भिशी चालवली होती, सात वर्षं. घरात रोज पूजा, बोलणं असं की लोणी, सणावाराला सगळ्यांच्या घरी फराळ पाठवायचे. मी पण महिन्याला भरत होते, ४० हजार झाले होते माझे. एक दिवस घराला कुलूप. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस निघाला, दोन विधवा बायकांचे पैसे होते त्यात. मला राग आहेच, अजून आहे. पण मी त्या वेळी लोक काय बोलत होते ते ऐकत होते. त्यांची मती फिरली. वाईट संगत लागली असेल. घरच्यांनी खर्च वाढवला असेल. कोणीही, एकही माणूस, असं म्हणाला नाही की ह्यांच्या जातीतच आहे हे, ह्यांच्या रक्तातच आहे. आणि त्याच वर्षी गड्ड्याच्या यात्रेत गर्दीत शेजारणीचा मोबाइल गेला तर कोण चोर हे माहीत नसताना, काही माहीत नसताना, चार जण एका आवाजात म्हणाले, सेटलमेंटचे असतील. आपल्या माणसानं पाप केलं की परिस्थिती, दुसऱ्यानं केलं की जात. मला सगळ्यात जास्त ह्याचीच चीड येते.

साहेबांच्या चोरीला नावच नव्हतं बरेच दिवस. एडविन सदरलँड नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९३९ साली व्हाइट कॉलर क्राइम हा शब्द पुढं आणला, म्हणजे इज्जतदार माणसं धंद्यात जे गुन्हे करतात ते. शब्द छान आहे पण मला त्यात एक फरक दिसतो, कॉलर संध्याकाळी काढून खुंटीला लावता येते. मेंढराला लोकर काढून ठेवता येत नाही, आणि दाखल्यावरचं नाव पण येत नाही.

रॉटन ॲपल राहिलंच. एक सडकं सफरचंद सगळी पेटी नासवतं, आपल्याकडं एक नासका आंबा अढी नासवतो. मूळ म्हण धोक्याची सूचना आहे, वेळेत बाजूला काढा नाहीतर सगळं जाईल. पण हल्ली मोठ्या ऑफिसात काही घोटाळा झाला की तीच म्हण उलटी वापरतात, दोनचार सडकी सफरचंदं होती हो, बाकी पेटी चांगली आहे. आपल्याकडं सफरचंद नाही, डाळिंब आहे, सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. ज्याच्या बागेत तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा रोग, आला त्याला विचारा. तो फळाला शिव्या घालत बसत नाही. तेल्या पावसाच्या थेंबांनी उडून पसरतो, रोगट रोपातून येतो, आणि छाटणीच्या कात्रीवरून पण जातो, म्हणून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना कात्री औषधात बुडवून घ्यायला सांगतात. शेतकऱ्याला कळतं की कात्री बघायची. माणसांच्या बाबतीत मात्र आपण फळ धरून बसतो, ह्याची खाणच तशी, खाण तशी माती. आणि कात्री कोणाच्या हातात आहे, पोराला शाळेतून कोणी काढलं, बापाला चौकशीशिवाय चार दिवस कोणी आत ठेवलं, ते कोण बघणार?

आता लोक म्हणतील की असं एकएक शब्द काढत गेलात तर भाषा कोरडी होईल. मराठीची मला एवढी काळजी वाटत नाही. फसवणुकीवर आपल्याकडं काय कमी आहे का, टोपी घालणे, शेंडी लावणे, गंडा घालणे, चुना लावणे, केसानं गळा कापणे, तोंडाला पानं पुसणे, हातावर तुरी देणे, खायचे दात वेगळे दाखवायचे वेगळे, वरून कीर्तन आतून तमाशा. ह्यात एकाही जातीचं नाव नाही आणि ऐकल्यावर डोळ्यासमोर चित्र उभं राहतं. जातीची नावं घेऊन केलेल्या म्हणी पण आहेत आपल्याकडं, भरपूर आहेत, त्या मी इथं लिहीत नाही, लिहून परत एकदा कोणाच्या तरी तोंडी कशाला घालू.

एका पत्रकार ओळखीच्याला मी हे बोलले तर तो म्हणाला, ताई, हेडिंगला जागा कमी असते, छोटा शब्द लागतो. अरे भामटा तीन अक्षरं आहे, ठग दोनच आहे. तोतया तीन, लुटारू तीन. ठग ह्या शब्दाचाही इतिहास काही स्वच्छ नाही हे मला माहीत आहे, १८३६ च्या कायद्यात नुसतं ठगांच्या टोळीतला आहे असं सिद्ध झालं की जन्मठेप होती, माणसानं स्वतः काय केलं ते वेगळं दाखवायची गरज नव्हती, आणि तो शब्द आपल्याकडून इंग्रजीत थग म्हणून गेला. पण आज कोणाच्या दाखल्यावर ठग लिहिलेलं नाही. एवढं मला पुरतं.

आणि हे फक्त भावना दुखावण्याचं प्रकरण नाही. सुप्रीम कोर्टानं ३ ऑक्टोबर २०२४ ला तुरुंगांच्या मॅन्युअलबद्दल निकाल दिला, त्यात जातीवरून कामं वाटण्याचे नियम रद्द केले आणि विमुक्त जातींच्या लोकांना सवयीचे गुन्हेगार समजणारे उल्लेखही चालणार नाहीत असं सांगितलं. कायदा १९५२ ला गेला आणि त्याचे शब्द तुरुंगाच्या नियमात ७२ वर्षं राहिले. आपल्या पेपरात, पोलीस ठाण्यातल्या प्रेसनोटमध्ये, गाइडमध्ये, क्लासच्या नोट्समध्ये ते अजून आहेत आणि इथं कुठलं कोर्ट येणार नाही, इथं आपल्यालाच करायचं आहे. पेपरांनी एक ओळीचा नियम करावा, विमुक्त जातींच्या यादीतलं कुठलंही नाव गुन्हेगार ह्या अर्थानं छापायचं नाही. गाइड काढणाऱ्यांनी जिप हा शब्द ठेवायचा असेल तर तो अपमानकारक आहे हे बाजूला लिहावं. शब्दकोशातून काढा असं मी म्हणत नाही, कोशात राहू दे, जुनं वाचायला लागतं.

मी माझ्या नोट्सची पीडीएफ बदलली. कॉन मॅनच्या पुढं काय लिहायचं ते सुचत नव्हतं, विश्वासघातकी लिहिलं पण ते फार पुस्तकी वाटत होतं. त्या मुलाला बोलावलं. माफी मागितली, ती त्यानं मान खाली घालूनच ऐकली आणि लगेच विषय बदलला. मग स्क्रीनकडं बघत म्हणाला, मॅडम, गोड बोलून टोपी घालणारा, असं लिहा की, पोरांच्या लक्षात राहील.

तेच लिहिलंय.